टाकीतलं ताक

टाकी घाटनांदूरला जाणार, ही बातमी झरेवाडीत आली तेव्हा दूध संस्थेचा सेक्रेटरी गहिनीनाथ त्याच टाकीला पाठ लावून बसला होता. टाकी म्हणजे दूध गार ठेवायचा बल्क कूलर. तालुक्याच्या दूध संघानं संस्थेला दिलेला, स्टीलचा, दोन म्हशी आडव्या मावतील एवढा. गाव त्याला नुसतं 'टाकी' म्हणे. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. झरेवाडीच्या नावात झरा होता तेवढाच, बाकी गावाला पाणी टँकरनं यायचं. दूध इतकं आटलं होतं, की सकाळचं संकलन ओतल्यावर टाकीचा तळ नुसता ओला व्हायचा. पण वीज असली की टाकी इमानदारीनं गार व्हायची, आणि वैशाखाच्या काहिलीत पाठ टेकायला सगळ्या पंचक्रोशीत तिच्यासारखी जागा नव्हती.

"सेक्रेटरी, टाकी दुधासाठी असती, पाठीसाठी न्हाई," दारात उभे राहिलेले संघाचे राधाकिशन साहेब म्हणाले. गहिनीनाथ ताडकन उठला. "अमुशा झाली की परत येतो. टाकीत माल दिसला तर ठीक. न्हाई दिसला तर टाकी घाटनांदूरला. तिकडं दूध उतू चाललंय."

साहेब गेले. टाकी गेली की संस्था गेली, आणि संस्था गेली की सेक्रेटरीचा पुन्हा नुसता गहिनीनाथ व्हायचा. गावात लग्नाच्या पंगतीत त्याला आताशा चेअरमनच्या शेजारी बसवत. नुसत्या गहिनीनाथला कुठं बसवतात, ते त्याला चांगलं आठवत होतं.

चेअरमन विठ्ठलरावांनी बातमी ऐकून मिशीवरून हात फिरवला. "त्यात काय बे? दूध कमी हाय तर ताक करू. पिशवीत भरू आन इकू. ताकात पानी घालता येतंय."

"चेअरमनसाहेब, पानी कुठं हाय?"

"ते बी खरंय," विठ्ठलराव म्हणाले आणि पुढचा विचार त्यांनी गहिनीनाथवर सोपवला.

नेमकी त्याच आठवड्यात गहिनीनाथची भाची शिवकन्या आली. संभाजीनगरला एमबीए करत होती आणि तिला कॉलेजसाठी एक प्रकल्प करायचा होता. ताकाचं ऐकून पोरगी खूश झाली. "मामा, असं एकदम विकायला काढायचं नसतं. आधी मार्केटचा अभ्यास करायचा. ग्राहक कोण, मागणी किती, स्पर्धक कोण."

"स्पर्धक म्हंजी?"

"म्हणजे गावात ताक आणखी कोण देतं?"

"सगळेच देतेत की."

"काय भावानं?"

"भाव?" गहिनीनाथला प्रश्नच कळेना. "ताकाला कुठं भाव असतो, माय? भांडं घेऊन जायचं आन घेऊन यायचं. म्हून तर म्हनतेत, ताकाला जाऊन भांडं लपवू न्हाई."

सगळं गाव स्पर्धक आणि किंमत शून्य, असा धंदा शिवकन्याच्या पुस्तकात कुठंच नव्हता. पण मास्तरीणच घाबरली तर शिकवणी मोडते, म्हणून ती हसून म्हणाली, "मग सर्वे करूच."

इथं खरं तर गोष्ट थांबायला हवी होती. पण गहिनीनाथ पडला कामाचा माणूस. संध्याकाळी त्यानं देवळावरचा भोंगा लावला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "उद्या सकाळी घरोघर सर्वे हाय! समद्यांनी घरी थांबावं!" कशाचा सर्वे, हे सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि झरेवाडीत ते कुणी विचारलंही नाही, कारण झरेवाडीला सर्वे एकच माहीत होता. दुष्काळाचा. तो आला की काय करायचं, हे तिथं तान्ह्या पोरालाही कळत होतं.

सकाळी पहिलं घर छबुबाईचं. ही बाई एरवी चार घरं पलीकडच्या माणसाशी बोलायलाही दारातून उठत नसे, तिथूनच ओरडून बोलायची. आज मात्र उंबऱ्यात कपाळाला हात लावून बसली होती. अंगावर लुगडं असं, की गहिनीनाथनं ते पूर्वी छबुबाईच्या म्हशीच्या अंगावर पाहिलं होतं.

"काकू, रोज घरी दूध किती लागतं?" शिवकन्यानं गोड आवाजात विचारलं.

"दूध?" छबुबाईनं आठवून पाहिल्यासारखं केलं. "ऐकून हाय, माय. पांढरं असतंय म्हन्तेत."

तेवढ्यात आतून चर्र आवाज आला आणि उतू गेलेल्या दुधाचा खमंग वास दारापर्यंत आला.

"काकू, काहीतरी उतू गेलं."

"पानी हाय."

"पाण्याला असा वास?"

"टँकरचं हाय," छबुबाई म्हणाली, आणि पापणीही हलवली नाही.

शिवकन्यानं पुढचा प्रश्न काढला. "समजा, डेअरीनं पिशवीतलं ताक आणलं, तर विकत घ्याल का?"

छबुबाई सगळं सोंग विसरली. "इकत? ताक इकत? उंद्या सावली इकशीला का गं?" ती खदखदा हसली, मग एकदम ध्यानात येऊन पुन्हा कपाळाला हात लावून बसली.

गहिनीनाथ खाली वाकून पुटपुटला, "छबूवैनी, ह्यो तसला सर्वे न्हाई."

"मला कळतंय, सेक्रेटरी. मागल्या टायमाला बी असंच म्हनले होते. मी भोळी, खरं बोलले. मदतीच्या यादीतून नाव उडालं माझं."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. गावात कुणी चहात दूध घालत नव्हतं, अर्ध्यांना तर चहाच माहीत नव्हता. एका घरी शिवकन्यानं जनावरांचं विचारलं तेव्हा घरमालक म्हणाला, "एक बी न्हाई," आणि मागं शेळी ओरडली. त्यावर त्यानं डोळे पुसत सांगितलं, "म्हातारी हाय आमची. आजारी असती."

हे सगळं शेळ्या वळणारा म्हाळू मागं मागं फिरत ऐकत होता. त्यानं डोकं खाजवलं. "बाई, जनावरं कावून इचारायलाव?"

"दुभती जनावरं किती, ते कळायला हवं ना. त्याच्यावर पुढचं ठरेल."

म्हाळूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जनावरं मोजायलेत म्हणजे छावणी लागणार! आणि छावणीत चारा मिळतो तो जनावराच्या संख्येवर. तो शेळ्या तिथंच सोडून बोळातून पळाला. त्यानंतरच्या प्रत्येक घरासमोर एक म्हैस दिसू लागली. धट्टीकट्टी, काळीभोर, डावं शिंग मोडलेली.

"मामा, ही म्हैस मघाच्या घरी पण होती."

"गावाकडच्या म्हशी सारख्याच दिसतेत, माय."

"डावं शिंग सगळ्यांचंच मोडलंय?"

"ती जातच तशी हाय," गहिनीनाथ तिच्याकडे न बघता म्हणाला. ती म्हैस म्हाळूची होती, आणि मागच्या बोळातून तिला एका घरून दुसऱ्या घरी पळवत न्यायचं काम सगळी आळी मिळून करत होती. रामकिसनच्या दारात पोहोचेपर्यंत बिचारी इतकी दमली, की तिनं सरळ बसकण मारली. शेपटी पिळली तरी उठेना. मग पलीकडच्या दोघातिघांनी तिथूनच हात करून सांगितलं, "ती आमची बी हाय! तिकडं बसायला गेलीय!"

गहिनीनाथचं डोकं सरकलं. भाचीसमोर गावाची अब्रू चालली होती, आणि गावापेक्षाही टाकी चालली होती. तो पारावर चढला. "ऐका बे! ह्यो दुष्काळाचा सर्वे न्हाई! छावनीचा बी न्हाई! ह्यो मार्केटचा सर्वे हाय, मार्केटचा!"

मग रामकिसननं पुढं होऊन हळूच विचारलं, "मार्केट कमिटीचं इलेक्शन लागलं काय?"

संपलं! बाजार समितीच्या निवडणुकीपुढं दुष्काळ काय चीज आहे? बाया घरात गेल्या आणि गडी बाहेर आले. धोतरं-टोप्या ठाकठीक झाल्या. शिवकन्यानं घसा कोरडा होईपर्यंत विचारलं, की ताक साधं आवडेल की जिऱ्याचं? रामकिसन डोळा बारीक करून म्हणाला, "ते पॅनल कुनाचं हाय त्याच्यावर हाय." बाकीच्यांनी एकमुखानं सांगितलं, "तुमी म्हनताल तेच." एवढ्यात चेअरमन विठ्ठलराव घाईघाईनं आले, परिस्थिती पाहिली आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "माझ्याकडं लक्ष असू द्या."

रात्री जेवताना शिवकन्याचा चेहरा उतरला होता. सर्वेचा निष्कर्ष असा निघत होता, की झरेवाडीत म्हशी भरपूर आहेत, दूध अजिबात नाही, आणि ताकात लोकांची पहिली पसंती विठ्ठलरावांना आहे. "मामा, हे दिलं तर मला नापास करतील."

"आन माझी टाकी नेतील," गहिनीनाथ म्हणाला.

विठ्ठलरावांना मात्र तो निष्कर्ष फार आवडला. 'गावात दुधाचा थेंब नाही' एवढं वाक्य त्यांनी उचललं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन साहेब लोकांच्या टेबलावर आपटलं. "शास्त्रशुद्ध सर्वे हाय! एमबीए केलेल्या पोरीचा! असला दुष्काळ दुसऱ्या कोन्या गावात हाय का, दाखवा!" हे ते गहिनीनाथला सांगायला विसरले. चांगलं काम करून विसरून जावं, असं त्यांचं धोरण होतं.

इकडे अमावस्या आली. गहिनीनाथनं शेवटचा उपाय केला. अंधार पडल्यावर एकटाच छबुबाईच्या दारात गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "वैनी, सर्वे न्हाई, काई न्हाई. टाकी चाललीय माझी. एक दिवस दही द्या. ताक करून सायबाला दावतो."

छबुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेली, पाटीखालचं गाडगं काढलं आणि दह्यानं भरलेलं त्याच्या हातात दिलं. "असं सरळ मागायचं की, सेक्रेटरी. भोंग्यावर कावून सांगत बसलाव?"

मग काय! पाटीखालून, कणगीतून, धुण्याच्या ढिगातून, देव्हाऱ्यामागून दह्याची गाडगी निघाली. एवढं दही गावात आहे हे खुद्द गावालाच माहीत नव्हतं. टँकरचं पाणी घालून शिवकन्यानं आणि बायांनी ते घुसळलं, मीठ-जिरं टाकलं. सकाळी राधाकिशन साहेब आले तेव्हा टाकी काठोकाठ भरली होती. साहेबांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि त्यांची भुवई वर गेली. गहिनीनाथची छाती फुगली.

त्याच क्षणी तलाठी सुग्रीव मोटरसायकलवरून धुरळा उडवत आला. "पथक आलंय! दिल्लीचं दुष्काळ पाहनी पथक! तुमच्याच गावाला पैलं आलंय, दुधाचा थेंब न्हाई म्हून!"

बाया क्षणात टाकीभोवती जमल्या. "सेक्रेटरी, आमचं दही वापस द्या!"

"आता कसं देऊ? ताक झालंय त्याचं!"

"मग सांडा! ताकानं भरलेली टाकी दिसली तर गावाला मदत मिळंल का?"

"सांडलं तर टाकी जाईल माझी!"

राधाकिशन साहेब गोंधळून म्हणाले, "अहो, टाकीत माल हाय का न्हाई, ते एकदा ठरवा की!" आणि बाहेर पांढऱ्या गाड्या येऊन थांबल्या.

पथकाचे मोठे साहेब उन्हानं लालबुंद झाले होते. आत आले, खुर्चीकडं न बघता सरळ टाकीपाशी गेले. आधी तिला तळहात लावला, मग दुसरा लावला, आणि मग पाठच टेकवली. त्यांचे डोळे आपोआप मिटले. ते सुख गहिनीनाथला ओळखीचं होतं. एका बाजूला संघाचे साहेब, दुसऱ्या बाजूला सगळा गाव, आणि मधे टाकी. मोठ्या साहेबांनी डोळे उघडले.

"इसमें क्या है?"

माल नाही म्हणावं तर टाकी जाते. दूध-दही म्हणावं तर गावाची मदत जाते. गहिनीनाथच्या डोळ्यांपुढं छबुबाईची चूल आली.

"पानी है साब."

राधाकिशन साहेबांनी आ वासला. पथकाच्या साहेबांनी पेल्याची खूण केली. गहिनीनाथनं तोटी सोडून पेला भरला.

"पानी? सफेद?"

"टँकर का है साब," गहिनीनाथ म्हणाला. "जरासा दही लग्या है."

साहेबांनी एक घोट घेतला. थांबले. पेला रिकामा करून पुढं केला. दुसरा घेतला. मग पथकातल्या सगळ्यांनी घेतला, ड्रायव्हरांनी घेतला, सुग्रीव तलाठ्यानं दोनदा रांग लावली. साहेबांनी ओठ पुसले. "गाँव सूखा है, पर पानी बढ़िया है. ठंडा भी है." मग सुग्रीवकडं वळून म्हणाले, "लिखो. गाँव के पास पीने के पानी की यही एक टंकी है. इसे यहाँ से कोई न हिलाए."

"साहेब, पन ती टाकी संघाची..." राधाकिशन पुढं झाले.

"सूखे में पानी की टंकी उठा ले जाओगे?" साहेबांनी असं पाहिलं, की राधाकिशन साहेबांनी पुढचं वाक्य ताकाच्या पेल्याबरोबर गिळलं. ताक चांगलं झालं होतं, हे मात्र त्यांनी जाताना गहिनीनाथच्या कानात कबूल केलं.

टाकी वाचली! गहिनीनाथनं टाकीला मिठीच मारली, आणि छबुबाई म्हणाली, "बायकूला तरी कवा अशी मिठी मारली होती का?" गाव पोट धरून हसलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी गहिनीनाथला गाढ झोप लागली.

सकाळी तो कुलूप काढतोय तोच टँकर येऊन डेअरीला लागला. ड्रायव्हरनं पाइप ओढत आणला.

"अरे बे, कुठं घालायलास? विहीर तिकडं हाय!"

"टाकीत टाकायचं. वरून आर्डर हाय."

"ती दुधाची टाकी हाय!"

"कागदावर पान्याची हाय," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं पाइप सोडला. टाकी भरली, गार झाली, आणि तासाभरात सगळी झरेवाडी हंडे-कळशा घेऊन दारात उभी राहिली. भर उन्हाळ्यात दातांना झिणझिण्या येतील असं पाणी! पार उमापूरहून पाहुणे खास पाणी प्यायला येऊ लागले. गहिनीनाथ सकाळ-संध्याकाळ तोटीवर बसू लागला आणि लग्नाच्या पंगतीत चेअरमन त्याच्या शेजारी बसू लागले. अडचण एकच होती. टाकी वाचली होती, पण तिच्यात दूध ठेवायला जागा राहिली नव्हती.

मग दूध घरोघरी राहू लागलं. घरी राहिलेल्या दुधाचं दही झालं, दह्याचं ताक झालं. आणि फुकट गार पाणी नेताना रिकाम्या हातानं येणं कुणाला बरं वाटेना. प्रत्येक बाई येताना तांब्याभर ताक आणायची. "घ्या, सेक्रेटरी. दिवसभर उन्हात बसताव." पैशाचं नाव काढायची सोय नव्हती. डेअरीतल्या बरण्या भरल्या, बादल्या भरल्या, दूध मोजायची मापं भरली.

एके दिवशी शिवकन्याचा फोन आला. प्रकल्पात ती पहिली आली होती. ग्राहकाला काय हवंय ते ग्राहकाला विचारून कधीच कळत नाही, हे तिनं सर्वे करून सिद्ध केलं, म्हणून सरांनी सगळ्या वर्गापुढं पाठ थोपटली होती. "मामा, तुमचं काय? ताक खपतंय का?"

गहिनीनाथनं सभोवार पाहिलं. "टाकी हाय माय, गाव हाय, ताक तर लई हाय. नुसतं गिऱ्हाईक न्हाई."

बोलता बोलता त्याचं लक्ष बाहेर गेलं. उन्हातून छबुबाई येत होती. कमरेवर रिकामी घागर, आणि हातात काठोकाठ भरलेला तांब्या. डेअरीत आता एकच पातेलं रिकामं उरलं होतं. गहिनीनाथनं फोन खांद्यात धरला आणि जन्मात पहिल्यांदा, समोरून ताक येताना पाहून, आपलं भांडं टाकीमागं लपवलं.